आठवा बिट: दूरध्वनीच्या तारेवरील देवनागरीचा एक अध्याय

इ. स. १९९० ते २००० या दशकात मराठी भाषकांनी संगणकाच्या साहाय्याने एकमेकांना जी पत्रे पाठविली, त्यांपैकी पुष्कळशी रोमन अक्षरांत लिहिलेली आहेत. या घटनेची मीमांसा सामान्यतः मनोवृत्तीच्या अंगाने करण्यात येते. इंग्रजीचा पगडा, परदेशस्थ सुशिक्षितांची सवय, स्वलिपीविषयीची अनास्था अशी कारणे सांगितली जातात. ती सर्वस्वी खोटी नव्हेत. परंतु ज्या साधनाने ही पत्रे प्रवास करीत होती त्या साधनाचे गुणदोष या मीमांसेत जवळजवळ कोणीच विचारात घेतलेले नाहीत. दूरध्वनीच्या तारेला मोडेम जोडून आणि संदेशवहनाची आज्ञावली चालवून जो संपर्क होत असे, त्यात देवनागरी अक्षर पलीकडे अक्षररूपाने पोहोचावयाचे की नाही, हे एका लहानशा योजनेवर अवलंबून असे. ती योजना लिपीचा विचार करून ठरलेली नव्हती. तिचा इतिहास भाषाभ्यासकांनी पाहण्याजोगा आहे, आणि त्याचा काही व्यावहारिक उपयोगही आहे.

विवेचनासाठी एखादे ठिकाण डोळ्यांपुढे असावे म्हणून यवत हे गाव घ्यावे. पुणे–सोलापूर रस्त्यावर, पुण्याच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, दौंड तालुक्यात ते वसले आहे. उसाचा आणि गुऱ्हाळांचा हा मुलूख. दक्षिणेच्या डोंगरावर भुलेश्वराचे देवालय, उत्तरेस भीमेपलीकडे शिरूर तालुका. पुण्याहून पूर्वेस डिकसळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ साली खुला झाला, आणि याच मार्गावर यवत हे स्थानक आहे. लोहमार्गाबरोबर तारायंत्राची तार आली. म्हणजे या मुलखातील माणसे ज्या भाषेत बोलत, तिच्याहून वेगळ्या लिपीचे संकेत त्यांच्या शेतांवरून जाऊ लागले, त्यालाही दीड शतकाहून अधिक काळ लोटला. मोर्सची बिंदुरेषात्मक लिपी रोमन वर्णमालेवर रचलेली होती. देवनागरी तारांची सोय १९४९ पासून झाली खरी. परंतु २०१३ च्या जुलै महिन्यात तारसेवा बंद होईपर्यंत तारेची भाषा म्हणून लोकांच्या मनात राहिली ती इंग्रजीच.

यवतच्या पुढे याच मार्गावर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन येथलेच. त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच ठिकाणी छापले गेले आणि त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. देवनागरीच्या जुळणीस शेकडो निरनिराळे खिळे लागतात. काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांचे खण जुळाऱ्यासमोर पसरलेले असत, आणि केडगावी ही जुळणी स्त्रियांच्या हातून होत असे. छापखान्यात अक्षरांची संख्या वाढली तर खण वाढवता येतात, थोडी जागा अधिक लागते एवढेच. तारेवर मात्र खण वाढवता येत नाहीत. तेथे संकेतांची संख्या आधीच ठरलेली असते, आणि मागून आलेल्या लिपीने तीत कोठे तरी शिरकाव करून घ्यावयाचा असतो.

आता मोडेमकडे वळावे. दूरध्वनीची तार मनुष्याच्या आवाजासाठी बांधलेली आहे. साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतची कंपनेच तिच्यातून नीट जातात. संगणकाचे शून्य आणि एक हे संकेत तिच्यावर तसेच्या तसे चालत नाहीत. त्यांचे रूपांतर सुरांत करावे लागते, आणि पलीकडच्या टोकाला सुरांचे पुन्हा अंकांत. हे काम मोडेम करतो. अमेरिकेत १९६२ साली आलेला बेल १०३ हा मोडेम सेकंदास ३०० बिट पाठवी. पुढे वेग वाढत जाऊन १९८४ च्या सुमारास २४०० आणि ९६००, १९९४ मध्ये २८,८०० आणि १९९८ मध्ये ५६,००० बिटांपर्यंतची मानके ठरली. १९८१ साली हेज यांच्या मोडेमने आज्ञांची एक साधी भाषा रूढ केली. अवधानवाचक इंग्रजी शब्दावरून घेतलेली ‘एटी’ ही दोन अक्षरे प्रत्येक आज्ञेच्या आरंभी येत, आणि त्यांमागून नंबर फिरवण्याची आज्ञा. ‘एटीडीटी’ म्हणजे सुरांनी फिरव, ‘एटीडीपी’ म्हणजे जुन्या चकतीप्रमाणे ठोके देऊन फिरव. जुन्या यांत्रिक केंद्रांना सूर समजत नसत, म्हणून भारतात दुसरी आज्ञा दीर्घकाळ उपयोगात राहिली. आणखी एक अडचण नादाची होती. अमेरिकन मोडेम तिकडचा ३५० आणि ४४० हर्ट्झचा मिश्र नाद ऐकू आल्याखेरीज नंबर फिरवीत नसे. भारतीय केंद्राचा नाद ४०० हर्ट्झचा आणि २५ हर्ट्झने कंपित. तार चालू असूनही यंत्र ‘नाद नाही’ असे सांगून थांबे. ‘एक्स-तीन’ ही आज्ञा देऊन त्यास नादाची वाट न पाहण्यास सांगावे लागे. भाषाभ्यासकास यात मौज वाटावी: यंत्रालाही परक्या मुलखातला स्वर ओळखता येत नव्हता.

यापुढील पायरी खरी महत्त्वाची. प्रोकॉम, टेलिक्स, कर्मिट अशा आज्ञावल्यांत संपर्कापूर्वी काही गोष्टी ठरवून द्याव्या लागत: वेग, प्रत्येक अक्षरातील बिटांची संख्या, पॅरिटी आणि अखेरचे विरामबिट. दोन ठरीव जुळण्या सर्वत्र दिसत. एक ‘सात-सम-एक’, म्हणजे अक्षराचे ७ बिट, त्यांची पडताळणी करणारा सम पॅरिटीचा १ बिट आणि १ विरामबिट. दुसरी ‘आठ-शून्य-एक’, म्हणजे अक्षराचेच ८ बिट, पॅरिटी नाही आणि १ विरामबिट. आरंभीचा बिट धरून दोहोंची लांबी १० बिटच होते. म्हणून एका टोकाला पहिली व दुसऱ्या टोकाला दुसरी जुळणी असली तरी संपर्क तुटत नसे. मोडेमचा दिवा लागलेला असे, पडद्यावर काही ना काही उमटतही असे. बिघाड असा की जो बिघाडासारखा दिसत नाही.

सात बिटांत १२८ संकेत मावतात. अमेरिकन प्रमाण संकेतावलीत त्यांचा उपयोग रोमन लहानमोठी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राच्या आज्ञा यांसाठी झालेला होता. देवनागरीला जागा हवी असेल तर ती आठव्या बिटाने उघडणाऱ्या दुसऱ्या १२८ संकेतांत. भारतीय प्रमाण संकेतावलीने नेमके हेच केले. १९८० नंतरच्या दशकात तिची रूपे घडत गेली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ या नावाने ती निश्चित झाली. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, जिस्ट या तंत्राच्या द्वारे तिचा प्रसार केला. त्या तंत्राचे मूळ कानपूरच्या आयआयटीतील संशोधनात होते. या संकेतावलीत खालची बाजू रोमन लिपीकडे आणि १६१ पासून पुढची वरची बाजू भारतीय लिप्यांकडे आहे. अक्षरे उच्चारक्रमाने नोंदविली जातात. ‘शि’ लिहिताना वेलांटी आधी दिसली तरी नोंदीत श आधी आणि वेलांटी मागून येते. जोडाक्षर हलन्त चिन्हाने दाखविले जाते. पाणिनीच्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकास ही रचना घरचीच वाटेल.

आता यवतचे नाव या संकेतांत लिहून पाहावे. य २०५, व २१२, त १९४. हे तीन संकेत सात बिटांच्या जुळणीतून गेले, तर प्रत्येकाचा आठवा बिट, म्हणजे १२८ ही किंमत, गळून पडते. उरतात ७७, ८४ आणि ६६. आणि रोमन संकेतावलीत ही एम्, टी, बी ही मोठी अक्षरे होत. यवतहून पाठविलेले यवतचे नाव पलीकडे ‘एम्-टी-बी’ असे वाचले जाई. दौंडची गत याहून विचित्र. द या अक्षराचा मोठा डी, औकाराचा लहान एफ, अनुस्वाराचे दुहेरी अवतरणचिन्ह आणि ड चे प्रश्नचिन्ह. मराठीतील पहिला व्यंजनवर्ग तर समूळ अंक बनतो. क, ख, ग, घ, ङ यांच्या जागी ३, ४, ५, ६, ७ उमटतात. उसाच्या वजनाच्या पावतीत किंवा सातबाराच्या उताऱ्यात असा गोंधळ झाला तर काय होईल, हे सांगावयास नको.

येथे एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. सात बिटांची जुळणी ही कोणाची खोडी नव्हती. खेडोपाडी जाणाऱ्या तारांत खरखर असे, आणि खरखरीने एखादा बिट उलटत असे. क या अक्षरातील एकच बिट उलटला की झ होतो. ‘कर’ हा शब्द ‘झर’ असा पोहोचतो, आणि दोन्ही शब्द खरे असल्यामुळे वाचणाऱ्यास शंकाही येत नाही. पॅरिटीचा बिट अशी एकेरी चूक पकडतो. म्हणजे रोमन लिपीने आपली सात बिटांची गरज भागल्यावर आठवा बिट राखणदारीस लावला होता. देवनागरीला मात्र घरात शिरण्यासाठी तोच बिट हवा होता. तिला राखणदार ठेवणे परवडत नव्हते. आठ बिटांनी पाठविलेला ‘यवत’ सम पॅरिटीच्या यंत्राने तपासला, तर य आणि त सदोष ठरतात आणि केवळ व निर्दोष ठरतो, कारण त्याच्या बिटांची बेरीज योगायोगाने सम येते. पुढे १९८८ च्या सुमारास मोडेममध्येच दोषनिवारणाची मानके आली आणि पॅरिटीची गरज ओसरली. तोपर्यंत सवय पडून गेली होती.

ही सवय एका दाराशी थांबत नव्हती. आज्ञावलीत आठ बिट ठरवून दिले तरी पलीकडचा युनिक्स संगणक येणाऱ्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच छाटीत असे. तो छाटू नये म्हणून त्यास वेगळी आज्ञा द्यावी लागे, आणि ती अनेकांना ठाऊक नसे. त्याच्याही पुढे पत्रवहनाचा नियम उभा होता. १९८२ च्या मानकाप्रमाणे आंतरजालावरील पत्र सात बिटांचेच असावयाचे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या एर्नेट या शैक्षणिक जालाच्या आरंभकाळी मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटी यांच्यामध्ये दूरध्वनीवरूनच पत्रांची देवघेव होऊ लागली. त्या वेळचे पत्रवहनही याच मर्यादेत होते. १९९२ च्या सुधारणेने अन्य अक्षरे गुंडाळून पाठविण्याची रीत घालून दिली. तिच्यातील एका प्रकारात प्रत्येक वरचा संकेत बरोबरीच्या चिन्हानंतर दोन अक्षरे घालून लिहावा लागतो. यवत हा तीन अक्षरांचा शब्द त्यामुळे नऊ अक्षरांचा होतो.

अडचण ओळखून केलेला एक उपाय मात्र विशेष कौतुकास पात्र आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली तयार झालेली कर्मिट ही पद्धत अशा गळक्या तारांसाठीच बांधलेली होती. आठवा बिट जाणार हे गृहीत धरून ती त्या अक्षराच्या आधी ‘आणि’ या अर्थाचे इंग्रजी चिन्ह घाली. पलीकडची कर्मिट ते चिन्ह पाहून बिट पुन्हा चढवी. यवत हे नाव अशा प्रकारे सहा चिन्हांत जाई आणि पुन्हा यवत म्हणून उतरे. उलट १९७७ पासून प्रचारात असलेली एक्समोडेम ही पद्धत आठही बिट शाबूत असतील असे धरून चाले. मराठीच्या दृष्टीने पाहता कर्मिट हीच खरी उपयुक्त. पण ती केवळ धारिकांच्या देवघेवीत उपयोगी पडे. पडद्यावर समोरासमोर लिहिताना तिचा आधार नव्हता.

खेड्याच्या बाजूने विचार केला तर या अडचणींवर आणखी एक थर चढतो. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र तयार केले. त्यांतील पहिले १९८६ च्या जुलैत कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. पुढील दहा वर्षांत अशा केंद्रांमुळे खेड्यांतून थेट बाहेरगावी नंबर फिरवता येऊ लागला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे सर्वसामान्यांसाठी आंतरजालसेवा सुरू केली आणि त्यानंतर पुण्याचा क्रम लागला. यवतसारख्या ठिकाणाहून या सेवेपर्यंत पोहोचावयाचे तर पुण्याचा, त्या वेळचा ०२१२ हा संकेतांक फिरवावा लागे, आणि बाहेरगावच्या संभाषणाची आकारणी अंतराप्रमाणे व मिनिटांप्रमाणे होई. २४०० बिटांच्या वेगाने सेकंदास २४० अक्षरे जातात. लिपीसाठी गुंडाळणी करून तीच मजकुराची लांबी दुप्पट वा तिप्पट केली, तर खर्चही त्याच प्रमाणात वाढणार. विद्यार्थ्यांसाठीचे स्वस्त खाते तर केवळ अक्षरपडद्याचे होते. त्यात चित्ररूप पाने दिसत नसत, म्हणून संदेशवहनाची आज्ञावली आणि तिची सात-आठ बिटांची जुळणी हीच त्यांची खिडकी. अशा वेळी ‘मी उद्या येतो’ हे रोमन अक्षरांत लिहिणाऱ्यास स्वभाषाद्रोही ठरविणे कठीण आहे.

रोमन लेखनासही पुढे शिस्त आली. १९९१ च्या सुमारास अविनाश चोपडे यांनी प्रसिद्ध केलेल्या आयट्रान्स या पद्धतीत लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांचा भेद उपयोगात आणून न–ण, ल–ळ, त–ट असे भेद सात बिटांतच राखले आहेत. तारेवरून जाणारा मजकूर शुद्ध रोमन, आणि छापताना मात्र देवनागरी, अशी ही योजना. लिप्यंतराच्या जुन्या प्राच्यविद्यापद्धतीत अक्षरांखाली टिंबे देऊन जे काम होत असे, ते येथे अक्षराच्या आकाराने केले आहे. सामान्य पत्रलेखकाने ती फारशी पाळली नाही. त्याने ण आणि न एकच लिहिले, ळ साठी ल चालवून घेतला, आणि संदर्भावर भिस्त ठेवली. आजच्या रोमन मराठीतील शैथिल्याचे मूळ येथे शोधले पाहिजे.

पदव्युत्तर अभ्यासकांनी या इतिहासातून उचलावयाची एक कामाची गोष्ट आहे. त्या काळच्या तबकड्यांवर आणि जतन केलेल्या टपालात अशा धारिका आढळतात, की ज्या उघडताच निरर्थक चिन्हांचा ढीग वाटतात आणि म्हणून फेकून दिल्या जातात. त्यांत मोठ्या झेडची गर्दी दिसली तर थांबावे. इंग्रजीत झेड विरळ. पण मराठीतील काना आठवा बिट गळताच झेड होतो, आणि कान्याइतके वारंवार येणारे चिन्ह मराठीत क्वचितच दुसरे असेल. अशी धारिका प्रत्येक संकेतात १२८ मिळवून पुष्कळ अंशी परत मिळवता येते. संकेतावलीच्या रचनाकारांनी १२८ ते १६० ही जागा अक्षरांसाठी वापरली नाही, त्यामुळे गळालेले अक्षर यंत्राच्या आज्ञेत बदलत नाही. ते मुद्रणयोग्य चिन्हच राहते. शब्दांमधील मोकळी जागाही शाबूत राहते. खरी संदिग्धता विरामचिन्हे आणि अंक यांपुरती आहे. स्वल्पविराम हा मूळचा स्वल्पविराम असेल किंवा ए असेल. प्रश्नचिन्ह हे प्रश्नचिन्ह असेल किंवा ड. येथे ध्वनिरचनेचे नियम उपयोगी पडतात. स्वतंत्र ए बहुधा शब्दारंभी येतो आणि त्याला लागून पुढचे अक्षर असते, तर स्वल्पविराम शब्दाच्या शेवटी येऊन त्यानंतर मोकळी जागा सुटते. ड शब्दान्ती पुष्कळदा येतो, म्हणून तेथे अधिक सावधगिरी हवी. परंतु दौंडमधील शेवटचे प्रश्नचिन्ह खरे मानले तर ‘दौं’ उरते, आणि असा शब्द मराठीत नाही. एकाकी पडलेला ३ हा अंक की क, याचा निर्णय मात्र वाक्यावरूनच करावा लागतो. फाँटांवर आधारलेल्या त्या काळच्या मजकुराची स्थिती याहून बिकट आहे. तेथे प्रत्येक निर्मात्याची संकेतयोजना निराळी, आणि संकेत अक्षराचा नसून त्याच्या एखाद्या तुकड्याचा. मूळ फाँट हाती असल्याखेरीज तो उलगडत नाही.

१९९५ नंतर विंडोजमधून थेट आंतरजालाची जोडणी होऊ लागली, तेव्हा तारेपुरता हा प्रश्न आपोआप सुटला. त्या जोडणीस आठही बिट लागतातच. सात बिटांवर ती चालत नाही. देवनागरीसाठी कोणी आंदोलन केले नव्हते. चित्रे आणि आज्ञावल्या यांना आठ बिट हवे होते, त्यांच्यामागून मराठी आत आली. युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी भारतीय संकेतावलीच्या १९८८ च्या रूपावरून घेतलेली आहे. रूढ युटीएफ-८ या लेखनात यवत नऊ बाइटांत बसते, आणि नऊही बाइटांचा आठवा बिट लागलेला असतो.

सात बिट मात्र दुसऱ्या वाटेने परत आले. कोल्हापूर–सांगली भागातील वारणा परिसरात १९९८ मध्ये ७० गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. खर्चाचा निम्मा भाग केंद्राने, ४० टक्के राज्याने आणि १० टक्के वारणा समूहाने उचलावयाचा होता. ऊस उत्पादकांची नोंदणी, तोडणी, वजने आणि देणी ही माहिती गावातच मिळावी हा हेतू. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असे दाखविले, की सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेश वापरले असता तेच काम कमी खर्चात झाले आणि शेतकऱ्यांना ते अधिक पसंत पडले. लघुसंदेशाची मर्यादा १४० बाइटांची आहे. रोमन अक्षर सात बिटांचे धरले की तीत १६० अक्षरे मावतात. एक जरी देवनागरी अक्षर आले तरी सर्व संदेश सोळा बिटांच्या अक्षरांत जातो आणि मर्यादा ७० वर येते. रोमन लिपीतील यवत १६० पैकी ५ जागा घेते आणि देवनागरीतील यवत ७० पैकी ३. दौंडला रोमनमध्ये १६० पैकी ५ पुरतात, तर देवनागरीत काना-मात्रा व अनुस्वार धरून ७० पैकी ४. पुढे भारतीय लिप्यांसाठी सात बिटांचे पर्यायी तक्ते भ्रमणध्वनीच्या मानकात समाविष्ट झाले. त्यांतील देवनागरीचा तक्ता हिंदीच्या नावाने नोंदलेला आहे.